कोरड्या गवतावरचा पूल

"मी पुलाच्या पलीकडे राहत नाही, तुम्ही सगळे पलीकडे राहता," असं आर्विला स्टॅनर्ड एकदा दुकानात म्हणाली होती, आणि नॉर्थ ड्रेटन गाव ते वाक्य कितीतरी हिवाळे चघळत बसलं.

अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरातलं हे गाव ओढ्याच्या एका काठावर. दुसऱ्या काठावर तिचं एकटीचं घर. मधे छपराचा लाकडी पूल. तिचे वडील हिवाळ्यात पुलात बर्फ पसरत. बाहेर सगळं पांढरं आणि आत फळ्या कोरड्या, त्यावर घोड्यांच्या घसरगाड्या अडायच्या. म्हणून बाहेरचा बर्फ फावड्याने आत ओढायचा. लहानग्या आर्विलाला वाटे, बाप हिवाळ्याला घरात घेतोय. आता घसरगाड्या गेल्या, बाप गेला, नवरा चर्चमागच्या मातीत निजला. पुलातल्या काळोखातून जाताना खालचं पाणी ऐकू येई, आणि आपण अजून कुठूनतरी कुठेतरी जातो आहोत असं तिला वाटे. तेवढ्यावर तिचं चाललं होतं.

छप्पर गळायला लागलं तेव्हा तिची शाळेपासूनची मैत्रीण लोइस बॅचेल्डर हिने इतिहास मंडळ काढलं. निधीसाठी दर वर्षी घेवड्याची पंगत. मडकी आर्विलाची. घेवडा, खारवलेलं डुकराचं मांस आणि मेपलचा पाक मंद आचेवर इतका वेळ ठेवायची की दाणा दिसे अख्खा आणि जिभेवर विरघळे. शेजारच्या गावांतून लोक येत. लोइस म्हणे, "पूल माझ्या भाषणांवर नाही गं उभा, तुझ्या घेवड्यावर उभा आहे."

मग एका वसंतात ओढ्यातल्या फुटत्या बर्फाने पुलाखालचे दगड सरकवले. नवा पाया घालणं गावाला झेपणारं नव्हतं. मंडळानेच ठराव मांडला: पूल उचलून मंडळाच्या इमारतीमागच्या गवतावर न्यावा, म्हणजे तो तरी टिकेल, आणि पलीकडचा रस्ता गावाने सोडून द्यावा. रस्ता सोडला म्हणजे बर्फ काढायलाही कुणी येणार नाही. म्हणजे घरही सोडायचं. हे कुणी तिला सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

ठराव पुढच्या मार्चच्या गावसभेत अगदी शेवटी होता. आयुष्यात ती सभेत कधी बोलली नव्हती. जेवणानंतर उठून बोलायचं, असं तिने ठरवलं. मडकी ढवळताना वाक्यं जुळवत राहिली.

सभेच्या दिवशी मागच्या स्वयंपाकघरात बायका रांधतात, आणि सकाळचं शेवटचं मत नेहमी जेवणाच्या सुट्टीचं असतं. समोरच्या बाकांवरून "होय" उठतो. बायकाही हातातलं न सोडता दारातूनच "होय" म्हणतात. कुणाच्या आजीपासून हे चालत आलेलं. त्या दिवशी मात्र पुलाचा विषय सगळ्यांना इतका उघड वाटत होता की सभापती एल्विन पर्हॅमने तो जेवणाआधीच उरकायला घेतला. आर्विला तेव्हा भट्टीत वाकलेली. मडकं घेऊन दाराशी आली तर बाकांवरून "होय" येत होता. तीही म्हणाली, "होय." चांगलं खणखणीत.

एल्विनने मान वर केली. सभा वळून बघायला लागली. मग त्याने हातोडा आपटला.

लोइस आत आली ती डोळे पुसतच. तिने मडक्यासकट आर्विलाला मिठी मारली. "मला माहीत होतं, तू समजून घेशील. तुझ्याएवढं मन कुणाचं नाही गं."

काय झालं ते आर्विलाला तेव्हा कळलं. दुपारी तिने एल्विनला गाठून सांगितलं की ती जेवणाला होय म्हणाली होती, बाकी कशाला नाही. एल्विन माणूस चांगला. तो हळू आवाजात म्हणाला, "अगं, तू नाही म्हणाली असतीस तरी ठराव झालाच असता. जिवाला लावून घेऊ नकोस."

ते तिने सगळ्यात जास्त जिवाला लावून घेतलं. जुळवलेली वाक्यं कुणाच्याच कामाची नव्हती, आणि तरी घरावरचा शेवटचा दगड तिच्याच हाताने पडला होता.

पूल उन्हाळ्यात हलवला. शरदात, नव्या जागी, घेवड्याची पंगत झाली. आर्विला डोंगरातल्या जुन्या दगडखाणीच्या कच्च्या वाटेने लांबचा वळसा घेऊन मडकी घेऊन आली. बर्फ पडायच्या आत ती भाचीकडे एका खोलीत जाणार होती. जेवणाआधी लोकांनी मुलांना पुलातून फिरवून आणलं. ती एकटीच आत गेली, मधोमध थांबली. खाली गवत होतं. गवत काही बोलत नव्हतं.

पंगतीत लोइसने पेल्यावर चमचा वाजवला. पुलाची एक जुनी फळी रंधा मारून, त्यावर आर्विलाचं नाव कोरून घेतलं होतं. लोइस म्हणाली की पूल वाचला तो या बाईच्या एका शब्दामुळे. स्वतःचं दार बंद होत असताना तिने गावाला होय म्हटलं. टाळ्या पडल्या. बायकांचे डोळे भरून आले.

"बोल की दोन शब्द," मागून एल्विन म्हणाला. "घेवडा गार होतोय."

सगळे हसले, आणि वाट बघू लागले. सांगून टाकायचं तर हीच वेळ होती. आर्विलाने लोइसच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडावर नुसता आनंद होता, शाळकरी, निर्मळ.

तिने फळी घेवड्याच्या मडक्याशेजारी ठेवली. अंगावरचा एप्रन सोडला, घडी घातली, खुर्चीच्या पाठीवर टाकला. आणि माणसांच्या मधून वाट काढत, दार उघडून, ती बाहेर गेली.