थोरलीची धाकटी

आमच्या समोरच्या दारात विमान चालवणारी बाई राहते. विमानात तिला कोण काय म्हणत असेल ते असो, आमच्या जिन्यात तिला सगळे कॅप्टनबाई म्हणतात, आणि ते नाव मी ठेवलंय. गच्चीवर चादर वाळत घालायची तरी ही आधी वारा कुठून येतोय ते बघते. अशा बाईला दुसरं काय म्हणणार?

तिची कंपनी छोटी, विमानंही छोटी, दोन बाजूंना गरगर फिरणारे पंखे लावलेली. मी त्यांना मिक्सर म्हणायचे.

"मिक्सरला नावं ठेवू नका वहिनी," ती म्हणायची. "तुमच्यासकट उचलून नेईल, तुमच्या सगळ्या बातम्यांसकट."

त्या मिक्सरच्या डाव्या खुर्चीत ती वर्षानुवर्षं बसली. विमानात डावी खुर्ची कॅप्टनची, उजवी हाताखालच्याची. एवढं विमानशास्त्र मलाही पाठ झालंय, कारण आमच्या सोफ्यावरसुद्धा ती डावं टोक सोडत नसे. माझ्या नवऱ्याला उठवून बसायची.

मग मोठ्या कंपनीने छोटी गिळली. त्याला विलीनीकरण म्हणतात. मोठ्या साहेबांनी भाषणात सांगितलं, आता आपण सगळे एक कुटुंब. घरी येऊन तिने हे सांगितलं, तशा तिच्या सासूबाईंच्या भुवया वर गेल्या. या सासूबाईंना ऐकू कमी येतं, कळतं जास्त.

"एक कुटुंब म्हणाले? मग थोरली कोण नि धाकटी कोण, ते आधी विचारून ये."

तिने विचारलं. मोठ्या कंपनीत सगळी जेट विमानं. मिक्सर हळूहळू विकून टाकणार. जेट चालवायचं तर त्याचं वेगळं शिक्षण, वेगळी परीक्षा आणि परवान्यावर वेगळा शिक्का. इथवर ठीक. पण ज्येष्ठता मोजणार ती त्या जेटच्या शिक्क्यापासून. आधीची सगळी वर्षं भांड्यात घालून फिरवली, झाकण काढलं तर आत काही नाही.

"म्हणजे मी कालच्या पोरांच्या मागे! परत उजवीकडे!" असं म्हणत तिने कप आपटला. कप माझा होता.

"अगं, जावाजावांत असंच असतं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "तू वयाने किती, घरात आधी कोण आलं, कोण विचारतंय? लग्न कुणाशी लागलं त्यावर मान. तुझं लागलं मिक्सरशी. तू धाकटी."

"आई, मी विमानाशी लग्न केलेलं नाही!"

"हे माझ्या मुलाला सांग. त्याला तसंच वाटतं."

चिडचिड करत का होईना, ती शिकायला लागली. उजवीकडे बसलं की हातांची कामं उलटी होतात. इतकी वर्षं डाव्या हातात सुकाणू आणि उजव्या हाताने इंजिनाचा जोर कमीजास्त. आता उजव्याचं डाव्याला करायचं. म्हणून बाई जेवणाच्या खुर्चीत बसून उजव्या हातात सुकाणू म्हणून पळी, डाव्यात इंजिनाचा दांडा म्हणून लाटणं घेऊन भिंतीकडे डोळे लावायची. दार उघडं असलं की मी विचारायचे, "काय हो, पोळ्या वेळेवर उतरणार का?"

"वहिनी, पट्टा बांधा आणि गप्प बसा."

परीक्षेत ती पहिल्या झटक्यात पास झाली. आणि पहिल्याच ड्युटीला तिच्या वाट्याला कॅप्टन कोण यावा? उशी!

उशी म्हणजे तिचाच जुना चेला. उंचीने बेताचा, खुर्चीत उशी घेतल्याशिवाय त्याला समोरचं दिसायचं नाही. मिक्सरवर हिनेच त्याला घडवला, मग तो मोठ्या कंपनीत पळाला आणि जेटवर बसला. त्याचा शिक्का आधीचा, म्हणून तो थोरला.

त्या दिवशी ही आधी जाऊन बसली. सवयीने डावीकडे. पट्टाही बांधला. मागून उशी आला, काखेत उशी.

"मॅडम... ती माझी."

हिला वाटलं, तो उशीबद्दल बोलतोय. तो खुर्चीबद्दल बोलत होता.

"राग कशाचा आला सांगू?" ती मला म्हणाली. "सॉरी म्हणाला मेला. वर उशी ठेवायच्या आधी मलाच विचारतो, 'ठेवू ना मॅडम?'"

मी हसू दाबलं, पण ते काही नीट दाबलं गेलं नाही. ती आठवडाभर आमच्याकडे आली नाही. त्या आठवड्यात ती ऑफिसात भांडत होती, हे मला सासूबाईंकडून कळलं.

"तुमचा अनुभव आम्हाला पूर्ण मान्य आहे," तिथले साहेब म्हणाले.

"मग मोजा."

"मान्य आहे मॅडम. मोजता येत नाही."

तिचा कॅप्टन व्हायचा नंबर लागेपर्यंत तिची निवृत्ती येईल, हे तिने बोटांवर काढून दाखवलं. साहेबांनी तेही मान्य केलं.

आणि एक दिवस त्याच साहेबांचा फोन. शेवटचा मिक्सर विकला गेलाय. गिऱ्हाईक तिकडे वाट बघतंय, पण तो नेऊन द्यायला माणूस नाही. सगळ्यांना जेटवर चढवलं, मिक्सरच्या जुन्या शिक्क्यांची मुदत संपून गेली. मॅडम, तुम्ही शिक्का नवा करून घ्याल का? सगळ्यांत अनुभवी तुम्हीच.

फोन स्पीकरवर होता, सासूबाईंसाठी. मी आपली साखर मागायला आले होते.

"डावीकडे बसायचं?" तिने विचारलं. आवाज एकदम मऊ झाला. इतक्या महिन्यांत मी तो ऐकला नव्हता.

"अर्थात! कॅप्टन तुम्ही."

"आणि पोचवून आल्यावर?"

"पुन्हा जेटवर, उजवीकडे. फक्त एक आहे. मधे जेट सोडल्यामुळे तुमची ज्येष्ठता परत आल्याच्या दिवसापासून धरावी लागेल."

मी साखरेची वाटी खाली ठेवली.

"म्हणजे एक दिवसाचं माहेरपण," सासूबाई म्हणाल्या, "आणि परत आलीस की पुन्हा नवी नवरी."

कॅप्टनबाईने फोन बंद केला आणि किती तरी वेळ लाटणं हातात धरून बसली. उजव्या हातात, डाव्या खुर्चीत बसल्यासारखं.

मिक्सर अजून विमानतळाच्या कोपऱ्यात उभा आहे. चाकांखाली गवत आलंय म्हणते. रोज त्याच्यावरून तिचं जेट वर जातं, आणि तो कोपरा उजव्या खुर्चीतूनच दिसतो. साहेबांचे फोन चालू आहेत. ती घेत नाही, सासूबाई घेतात.

"सून ड्युटीवर गेलीय," त्या ओरडून सांगतात. "घरात सगळ्यांत धाकटी ना ती, तिला कुठली सुट्टी?"