नोलीनचा निबंध आणि दुसरा ट्रे

नोलीन स्कलीने ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्याच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षं सॉसेज रोल भाजले. निवृत्तीनंतर तिच्या मैत्रिणींनी विणकाम धरलं, नोलीनने राजकीय अर्थशास्त्र. विद्यापीठाचं पदवीपूर्व प्रमाणपत्र : सहा महिने, चार विषय. पंधराव्या वर्षी शाळा सुटल्यापासून कुठल्याही कागदावर तिला कुणी ‘उत्तीर्ण’ असं लिहून दिलं नव्हतं. तो एक कागद तिला हवा होता. तो लावायला जागा व्हावी म्हणून फ्रिजच्या दारावरचा मांजराच्या डॉक्टरचा पत्ताही तिने आधीच हलवला होता.

तीन विषय पार पडले. झळ बसली ती क्लेमला, म्हणजे तिच्या नवऱ्याला.

“चहा कोण करणार?” तो विचारी.

“घरातले बिनपगारी श्रम हा आमचा पाचवा धडा आहे, क्लेम. किटली तिकडे आहे.”

राहिला होता चौथ्या विषयाचा निबंध : बाजाराबाहेरची देवाणघेवाण. नोलीनने दोनच ओळींचा आराखडा पाठवला. ‘आमच्या बोलिंग क्लबात दर शुक्रवारी मटणाची सोडत असते : तिकीट घ्यायचं, नंबर लागला तर मटणाचा ट्रे. तिच्यात एक अलिखित नियम आहे आणि तो बावीस वर्षांत एकदाही कुणी मोडलेला नाही.’

तिचा शिक्षक टोबियास एकोणतीस वर्षांचा होता. दाढी येत होती, पण घाईत नव्हती.

“नोलीन, कुठला नियम? आणि पुरावा काय?”

“क्लेम. सोडत तोच पुकारतो.”

“नवरा हा संदर्भग्रंथ होत नाही. पुराव्याशिवाय मी पास नाही करू शकत तुम्हाला.”

“मग शुक्रवारी ये ना, बाळा. नियम आपोआप दिसेल. मी सांगितला तर तो अलिखित कसला?”

टोबियास आला. बियर घेतली, शिष्टाचार म्हणून तिकिटंही घेतली. पहिलाच नंबर त्याचा निघाला. चॉप्सचा ट्रे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चौथा नंबरही त्याचाच निघाला. सॉसेजचा ट्रे.

या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. एका संध्याकाळी दुसऱ्यांदा नंबर लागला की ट्रे टेबलावर तसाच ठेवायचा आणि “पुन्हा काढा” म्हणायचं, हे त्या हॉलमधल्या खुर्च्यांनाही ठाऊक होतं. टोबियासने मात्र दुसरा ट्रे पहिल्यावर नीट रचला आणि खूश होऊन वहीत काहीतरी टिपलं.

“सांग त्याला,” क्लेम ओठ न हलवता म्हणाला.

“नाही सांगायचं. सांगून पाळला तर पुरावा कसला? निरीक्षण चालू आहे.”

“तुझं निरीक्षण सॉसेज घेऊन दाराकडे निघालंय, नोलीन.”

दारात ऐंशी वर्षांची बेरिल उभी होती. तिने दार अदबीने उघडून धरलं. “सावकाश हं. जड असेल.” त्या क्लबात याहून मोठी शिवी नाही.

“किती प्रेमळ माणसं!” टोबियास म्हणाला आणि गेला.

शनिवार-रविवार नोलीन टेबलाशी बसून होती. निबंधातला ‘एकदाही’ तसाच ठेवला असता तर कुणाला कळलं असतं? जो नेणारा, तोच तपासणारा, आणि त्याला पत्ताच नव्हता. शेवटी तिने सगळा नियम उलगडून लिहिला, ‘एकदाही’ खोडला आणि खाली लिहिलं : ‘बावीस वर्षांत एकदा मोडला. नेणारा पाहुणा होता. आम्ही त्याला सांगितलं नाही, फक्त बघत राहिलो. आमचा नियम उदार आहे, पण तो आतल्यांपुरताच, हे मला त्याच दिवशी दिसलं.’

“परीक्षकालाच चोर लिहिलंस?” क्लेम किंचाळला.

“चोर नाही. अपवाद.” आणि तिने निबंध पाठवून दिला.

पुढच्या शुक्रवारी टोबियास पुन्हा आला. कान लाल, हातात खाटकाकडून विकत आणलेला सॉसेजचा ट्रे. त्याने तो टेबलावर ठेवला.

“पुन्हा काढा,” तो म्हणाला.

क्लेमने नंबर काढला. बेरिलचा निघाला. तिला त्या संध्याकाळी एक ट्रे आधीच लागला होता. ती काठी टेकत पुढे आली, ट्रेला नुसता हात लावला, टोबियासकडे बघितलं आणि म्हणाली, “पुन्हा काढा. आणि तू वही काढ, पोरा.”

दोन आठवड्यांनी निकाल लागला. उत्तीर्ण. शेरा एका ओळीचा : ‘पुरावा पुरेसा. अपवादाला मी स्वतः साक्षी आहे.’

प्रमाणपत्र आता फ्रिजच्या दारावर आहे. ते धरून ठेवणारं चुंबक टोबियासने सॉसेज विकत आणले त्या खाटकाच्या दुकानाचं आहे.