ताईचा संगणक बोलता करताना

चष्मेवाल्याचा घरात संगणकातला जाणकार म्हणून मोठा दरारा. त्यामागचं भांडवल एवढंच, की एकदा मेहुण्याच्या ऑफिसातला बंद प्रिंटर त्याने चालू करून दिला होता. निसटलेली वायर परत खोचली होती, बस. वायरीचं तो कुणाला बोलला नाही.

त्यामुळे थोरल्या बहिणीची नजर अधू होत गेली आणि त्याच्या दुकानातलं एकही भिंग उपयोगी पडेना, तेव्हा तो छातीठोकपणे म्हणून बसला, "ताई, तुझ्या संगणकालाच वाचायला लावतो." तोवर तिने संगणकावर नवीच उतरवून घेतलेली रहस्यकथा तोच रोज तिला वाचून दाखवत होता.

ताईच्या जुनाट संगणकाला चालेल असा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम तयार मिळेना. मिळाला तो नुसता सोर्स कोड. म्हणजे शिधा हातात, शिजवायचं आपलं आपण. रविवारी सकाळी चष्मेवाल्याने तो कंपाइल करायला, म्हणजे शिजवायला घेतला आणि पडदा ओळींनी भरून गेला. सगळ्यात खाली लिहिलं होतं, काम थांबवले. त्याने पुन्हा चालवून पाहिलं. पुन्हा तेच. जन्मभर गिऱ्हाइकांना "वरून वाचा, वरून" म्हणणारा हा गृहस्थ तळाच्या ओळीशी झोंबत बसला होता!

वरची ओळ वाचायला त्याला दुपार झाली. आवाजाची हेडर फाइल, म्हणजे आवाजाच्या कामांची यादी, सापडत नाही, एवढंच गाऱ्हाणं होतं.

"काहीतरीच! गाणी वाजतात की यावर," तो म्हणाला. मग, फाइलच हवी ना, घे बापड्या, म्हणून त्याच नावाची एक कोरी फाइल बनवून त्याने तिथे ठेवून दिली. चुकांचा नुसता पाऊस पडला.

"जमलं का रे?" ताईने विचारलं.

"प्रगती आहे. आधी एकच चूक होती, आता पुष्कळ आहेत."

शेवटी अभिमान गिळून त्याने इंटरनेटवर जाणत्यांना विचारलं. कुणा भल्या माणसाने समजावलं: आवाज वाजवणारी लायब्ररी तुमच्याकडे आहे, पण तिच्याशी जोडून नवं काही बनवायचं तर हेडर फाइलींचं पॅकेज वेगळं असतं, नावाच्या शेवटी 'डेव्ह' लागतं, ते घाला. चष्मेवाल्याने घातलं. तरी पाऊस तसाच.

"लोकांना काही येत नाही," तो करवादला.

"तू आधी काही खटपट करून ठेवली नाहीस ना?" ताई म्हणाली. लहानपणापासून ओळखत होती त्याला.

त्याचे कान तापले. कंपायलरला आधी सापडत होती ती त्याचीच कोरी फाइल! खऱ्या फाइलीची पाळीच येत नव्हती. त्याने ती गुपचूप पुसली आणि पुन्हा कंपाइल केलं. या वेळी चुकांची एकही ओळ उमटली नाही.

संध्याकाळी संगणकाने घशात काही अडकल्यासारख्या आवाजात रहस्यकथा वाचायला घेतली. ताई डोळे मिटून ऐकत होती. मध्येच तिने हात वर केला.

"या बागेतल्या माळ्याबद्दल तू कधी वाचलं नव्हतंस."

"ते वर्णन होतं गं नुसतं. म्हणून जरा... गाळलं."

"जरा? अरे, मी गेले कित्येक दिवस खुनी कोण म्हणून विनाकारण त्या डॉक्टरवर संशय घेतेय!"

संगणकाला पहिल्या पानावर न्यायला त्याला सांगून ताई आरामखुर्चीत मागे रेलली. चष्मेवालाही शेजारी बसला. पुस्तक त्यालाही नवंच होतं.