गोऱ्याबाबाचा कौल

अमेरिकेच्या यादवी युद्धाचं रणांगण पाहायचं तर व्हिसा हवा. त्या युद्धातला एक शिपाई मात्र आपल्याच जिल्ह्यात, गडहिंग्लजपलीकडच्या उसात पुरलाय, असं कळलं आणि रविवारी कोल्हापूरहून एसटी धरली.

कागल, निपाणी, संकेश्वर. रस्ता चांगला आहे. गडहिंग्लजला पोटभर खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. रिक्षा येण्याजाण्याची ठरवा. आमची फाट्यावरच थांबली.

"आत तुमी जावा पावणं," रिक्षावाला म्हणाला.

रस्त्यावर वारा होता. उसात शिरलो आणि एक पानही हलेना. मधोमध इंग्रजी अक्षरांचा, शेंदूर फासलेला दगड. पुढ्यात चहाची कपबशी, बिस्किटं.

"गोऱ्याबाबाला भाकरी चालत न्हाय," शेतमालक बसाप्पा म्हणाला. त्याला इथंच म्हशींचा गोठा बांधायचा होता. पण कौल मिळाल्याशिवाय त्याची आई, अव्वा, दगड हलवू देईना. दगडाला डावीउजवीकडे ओली फुलं चिकटवायची आणि विचारायचं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.

"दरसाली डावंच! सासऱ्यापरास खडूस हाय," बसाप्पा वैतागला.

मी शेंदराखालची अक्षरं वाचून दाखवली. मिशनच्या शाळेतला मास्तर. तरुणपणी गुलामगिरी मोडणाऱ्या फौजेत होता; गेटिसबर्गच्या लढाईत उजवा हात गेला.

बसाप्पानं टाळीच वाजवली. "उजवा हातच न्हाय! मग हो म्हणणार कुठनं? डावं म्हंजेच हो की, अव्वा!"

दगडापाशी बसलेल्या अव्वानं मान डोलावली. "व्हय, आमीच चुकलो. पण नव्या रीतीनं इचारू. डावं पडलं तर दगड हलीव. उजवं पडलं तर गोठ्याचं नाव काढायचं न्हाय."

"कबूल. उजवं कुठनं पडतंय!"

तिनं फुलं लावली, विचारलं. आम्ही बघत राहिलो. उजवं फूल किंचित हललं आणि खाली आलं. पडलं म्हणवत नाही. कुणी उचलून ठेवावं तसं आलं.

"जुन्या रीतीनं ह्ये हो झालं की," बसाप्पा पुटपुटला.

"कबूल कोण म्हनलं?"

तो गोठ्यासाठी फक्कीनं मारलेली आखणी पायानं पुसू लागला.

घरी आल्यावर स्वतःला समजावलं, देठ जड असेल. पण एक गोष्ट सुटत नाही. मी दगड वाचला नसता, तर त्याच फुलानं बसाप्पाला गोठा दिला असता. की वाचला नसता, तर याही खेपेला डावंच पडलं असतं?