कात्रीने कापलेले प्लग

हे मी कुणालाच बोलले नव्हते. माहेरी नाही, मैत्रिणींना नाही, नवऱ्याला तर नाहीच. आता घरात बोलून झालंय, म्हणून तुम्हालाही सांगते. अडखळेन, पण सांगते.

आमचं घर चारकोपला. नवरा मंदार, मुलगी सई, सासूबाई आणि मी. स्वयंपाकघर एवढंसं, डबे ठेवायला जागा नाही. मंदारला ठाकठोक करायची भारी हौस — नळाचा वॉशर, खुर्चीचा डुगडुगणारा पाय, सगळं तोच बघायचा. पण फळी लावायला ड्रिल मशीन हवं, आणि ‘घ्यायचं तर चांगलं घेऊ, थांब जरा’ असं त्याचं चाललं होतं. मी थांबले नाही. ऑनलाइन सेलमधलं सगळ्यात स्वस्त मागवलं. पेटी मात्र झकास होती.

तो कामावर गेल्यावर मीच भोकं पाडायला घेतली. प्लास्टरपर्यंत मशीन मस्त चाललं, आणि मग आत काँक्रीट. नुसतं किंचाळायला लागलं, पुढे सरकेना. जळका वास आला. अशा वेळी माणूस काय करतं? थांबतं ना? पण थांबायचं म्हणजे मशीन फालतू निघालं हे कबूल करायचं. स्क्रू घट्ट बसावा म्हणून भोकात घालतात ते प्लास्टिकचे प्लग मी कात्रीने अर्धे कापले, त्या उथळ भोकांत ठोकले, स्क्रू कसेबसे पिळले. ते हलत होते. बोटाला कळत होतं. मी कडेने पुट्टी फासली. संध्याकाळी मंदारला म्हटलं, भोकं पक्की आहेत, तू फक्त फळी अडकव.

त्याने अडकवली. सासूबाईंनी शेजारीपाजारी कौतुकाने सांगितलं, आमच्या मंदारने फळी लावली.

थोड्याच दिवसांत ती पडली — डाळींच्या डब्यांसकट, ओट्याशी पोळ्या लाटणाऱ्या सासूबाईंच्या खांद्यावर. हाड मोडलं. हॉस्पिटलच्या बाकावर मंदार सारखं एकच म्हणत होता, फळीचा हुक स्क्रूवर नीट बसला नसणार, माझंच लक्ष नव्हतं. मी त्याला चिकटून बसले होते. तेव्हा बोलता आलं नसतं का? आलं असतं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आणि घरी आल्या आल्या आधी ते प्लग केरात टाकले.

त्यानंतर मंदारने हत्यारं हातात धरणं सोडलं. सगळी कुणाला तरी देऊन टाकली. साधा बल्ब बदलायचा तरी इलेक्ट्रिशियनला फोन. पाहुणे आले की सासूबाई म्हणायच्या, ह्याच्या हातात काही देऊ नका, खांदा जाईल. सगळे हसायचे. आणि — इथे यायलाच मी एवढा वेळ लावला — मीही हसायचे. नुसती गप्प राहिले असते तर भित्री म्हणून सुटले असते. पण हसणं? त्याला काय म्हणायचं?

गेल्या रविवारी सईला भिंतीवर फळा लावून हवा होता. मी म्हटलं, बाबाला सांग.

“बाबाला नाही ना जमत,” ती म्हणाली. अगदी सहज. मंदारने पेपरातून मान वर केली नाही.

ती खेळायला गेल्यावर मी त्याला सांगितलं. मशीन, कात्री, पुट्टी, सगळं. मग तो म्हणाला, “फळीचं जाऊ दे गं. तू हसायचीस ना, ते...”

सासूबाईंना त्याच्यासमोरच सांगितलं. त्या माझ्यावर चिडल्या, रडल्या, आणि मग त्याच्याकडे वळल्या. “मंदार, मी तुला काय काय बोलले रे.” माझ्याशी अजून कामापुरतंच बोलतात. सईलाही मीच सांगितलं, फळी बाबामुळे नाही, माझ्यामुळे पडली.

मंदारने अजून कशालाही हात लावलेला नाही. मला मात्र फार हलकं वाटतंय. दुपारी शांत झोप लागते. खांदा सासूबाईंचा मोडला, हात त्याचे थांबले, आणि मोकळी झाले ती मी. हेही तितकंच खरं आहे.