शेवटच्या बांधाने आधी बोलायचं

ईशा, निनाद,

गेल्या आठवड्यात ईशाने मला तिच्या घराचे नियम तपासायला पाठवले. परदेशातल्या त्या घरात सहा मुली मिळून राहतात. स्वयंपाकघर कोणी कधी वापरायचं, पाहुणा किती दिवस ठेवायचा, असे चौदा नियम होते. "आजी, तुझं इंग्रजी पक्कं आहे, जरा नीट करून दे." मी लाल पेन घेऊन बसले. दुसऱ्याच ओळीत ‘साधारणपणे’ अशा अर्थाचा एक शब्द होता. तो खोडायला पेन टेकवलं आणि उचललं. कागद मी तसाच परत पाठवला आहे. ईशा रुसली असेल. तिला कारण सांगायचं तर एका माणसाबद्दल लिहावं लागेल, आणि मी आता ज्या वयाची आहे त्या वयात ते पुढे ढकलण्यात अर्थ नाही.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवत आणि मी इंग्रजी. पोरं त्यांना ‘किसने-तय-किया सर’ म्हणत, कारण कुठलीही गोष्ट ‘अशी असते’ असं कोणी म्हटलं की ते तीन प्रश्न विचारत. कोणी ठरवलं? कसं ठरवलं? बदलायचं असेल तर कोणाला विचारायचं? रागाने नाही, वाद घालायलाही नाही. डॉक्टर जीभ बघतात तसे ते नियम बघत.

कॉलेजच्या मागच्या भिंतीवर पाटी होती, ‘यहाँ साइकिल खड़ी करना मना है’. सरांनी चपराशाला तिन्ही प्रश्न विचारले. तो म्हणाला, "सर, मैं आया तब से है." बाबूंनी फाइल शोधली, सापडली नाही. पंधरा दिवस हे चाललं. शेवटी प्राचार्यांनी त्यांना बोलावून विचारलं, "तुम्हाला तिथे सायकल लावायची आहे का?"

"नाही सर. माही सायकल तं मी झाडाखाली लावतो."

"मग?"

"मंग काही नाही. कोनी ठरवलंच नाही, तरी सगळे पाळून राह्यले. मले ते पाहाचं होतं."

हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्या काळात परदेशात काही अर्थशास्त्रज्ञ राज्यघटनेकडे, निवडणुकीकडे, सभेत मतं कशी घेतात याकडे अर्थशास्त्राच्या नजरेने पाहायला लागले होते. सर ती पुस्तकं नागपूरहून मागवत आणि वहीत उतरवून परत करत. आमच्या जिल्ह्यात या विषयाचं नाव ऐकलेला दुसरा माणूस नव्हता. तुमचे आजोबा जिल्हा कचेरीत होते. ते एकदा चेष्टेने म्हणाले, "राज्यघटना वकिलांनी बघावी. तुम्ही अर्थशास्त्रवाले, तांदळाचा भाव सांगा."

सर खुर्चीत पुढे सरकले. "भाऊसाहेब, घरात पाच जन. आज भाजी कोनती, हे ठरवाचं. पाचही जनांचं एक होईपर्यंत बसले तं जेवाले संध्याकाळ होते. हा एक खर्च. एकट्यानं ठरवलं तं चौघाईले रोज कारलं खा लागते. हाही खर्चच हाय. या दोन खर्चाच्या मधात कुठं थांबाचं, ते भूक लागाच्या आधी ठरवून ठेवनं म्हनजे घटना."

"आमच्याकडे हा खर्चच नाही," आजोबा म्हणाले. "तुमच्या वहिनी ठरवतात आणि मी कारलं खातो."

सर इतके हसले की त्यांना चहाचा ठसका लागला. पण जाता जाता त्यांनी दारात थांबून मला खरंच विचारलं, "वैनी, अन् कारलं बंद कराचं असन तं भाऊसाहेबानं कोनाले विचाराचं?"

त्यांची नोकरी तदर्थ होती. दर उन्हाळ्यात संपायची आणि जुलैत नवं पत्र मिळालं तर पुन्हा सुरू व्हायची. पीएच.डी. झाली असती तर ते कायम झाले असते. शेतकऱ्याच्या घरातला पहिला शिकलेला मुलगा. त्या पदवीकडे त्यांचं घर डोळे लावून होतं. प्रबंध इंग्रजीत लिहायचा त्यांचा हट्ट होता आणि इंग्रजी कच्चं होतं. म्हणून प्रत्येक प्रकरण आधी माझ्याकडे येई. त्यांना ‘बहुतेक’, ‘साधारणपणे’, ‘जमेल तसं’ या शब्दांची फार आवड. मी ते खोडत असे. "सर, नियम असेल तर नियम म्हणा. हे काय, पाऊस पडेल किंवा न पडेल!" ते माझ्या खुणांप्रमाणे पान पुन्हा उतरवून काढत.

प्रबंधासाठी त्यांनी एक गाव निवडलं होतं, वारासिवनीच्या पुढे, खैरलांजीच्या वाटेवर. सायकल बसच्या टपावर टाकून वारासिवनीला जायचे आणि तिथून पुढे पायडल मारत. गावाला जुना तलाव होता आणि त्याच्या कालव्यावर तीसेक धानाचे बांध, म्हणजे बांध घातलेली भातशेतं. पाऊस आश्विनात दगा देतो, तेव्हाच धान निसवत असतं, लोंब्या बाहेर पडत असतात. त्या वेळी तलावाचं पाणी कोणाला आधी, किती, हे एका बैठकीत ठरे. सरकारचा त्याच्याशी संबंध नव्हता. एके वर्षी मी हट्टाने त्यांच्याबरोबर गेले.

मला वाटलं तासाभराचं काम असेल. चार तास झाले. मध्येच कोणाच्या लग्नाची गोष्ट निघे, मध्येच बैलाची. मी घड्याळ बघत होते. पण सुरुवात झाली ती एका बाईपासून. कालव्याच्या अगदी टोकाला, जिथे पाणी पोचलं तर पोचलं, तिथे जिराबाई नावाच्या विधवेचं शेत होतं. पाणी वाटणारा पाणकर तिच्याकडे वळून म्हणाला, "बोल वो जिराबाई."

"माहं धान निसवून राह्यलं. मले दोन दिस पाह्यजे."

"दोन दिस? तलाव काय तुह्या बापाचा हाय?" कोणीतरी ओरडलं.

"मंग काय तुह्या सासऱ्याचा हाय? हुंड्यात भेटला काय तुले?"

सगळे हसले. मग तिच्या वरचा बांध बोलला, मग त्याच्या वरचा, आणि सर्वांत शेवटी गावचे पटेल, ज्यांचं शेत तलावाला लागून होतं. जिराबाई शेवटी "हौ" म्हणाली, दीड दिवसावर, तेव्हाच लोक उठले.

परतीच्या बसमध्ये सर लहान पोरासारखे बोलत होते. "पाह्यलं वैनी? ज्याले पानी सगळ्यात कमी, त्यानं आधी बोलाचं. म्हनून वरच्याले चोरी करता येत नाही. कोनी लिहलं नाही, कोनी शिकवलं नाही. अन् पुस्तकवाले म्हन्तेत, सगळ्याईचं एकमत भारी महाग पडते. इथं चार तासात होते!" मी त्यांना इतकं आनंदी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

मार्गदर्शक प्राध्यापक बाहेरगावी विद्यापीठात होते. या गावावरचं पाचवं प्रकरण वाचून त्यांनी कळवलं की ऐकीव गोष्ट पुरावा होत नाही, नियम लेखी हवेत, गावकऱ्यांच्या सह्यांनिशी. म्हणून सरांनी ते नियम इंग्रजीत लिहिले आणि सवयीप्रमाणे माझ्याकडे आणले.

त्यात वाक्य होतं, ‘ज्या साली जो शेवटचा असेल, त्याने आधी बोलायचं.’ मला ते ढिसाळ वाटलं. मी तिथे लिहिलं, ‘खालील यादीतील शेवटच्या शेतकऱ्याने आधी बोलायचं.’ कलमांना आकडे दिले. सरांनी शेवटी एक कलम स्वतःचं घातलं, जे गावाचं नव्हतंच, पुस्तकातलं होतं. सही करणाऱ्या सर्वांची संमती असल्याशिवाय यात बदल होणार नाही. म्हणजे दुबळ्याचा हक्क कोणी हिसकावू शकणार नाही. मला ते फार आवडलं होतं, हे मी लपवत नाही.

माझ्या इंग्रजीवरून त्यांनी हिंदी प्रत केली, टाइप केली आणि गावात नेली. सगळ्यांनी सह्या केल्या, अंगठे दिले. पटेलांनी तर एक प्रत मागून घेतली. जिराबाई त्या दिवसांत लेकीच्या बाळंतपणासाठी गोंदियाकडे गेली होती आणि त्या साली तिने शेत पेरलं नव्हतं. यादीत तिचं नाव आलं नाही. कोणी मुद्दाम केलं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस भाद्रपदातच थांबला. एके दुपारी जिराबाई बालाघाटला आली आणि विचारत विचारत आमच्या स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. आत यायला तयार नव्हती. सरच उठून बाहेर गेले. मी तिथेच होते.

"सर, तुमच्या कागदात माहं नाव नाही म्हन्ते."

"कोन म्हन्ते?"

"पटेल. बैठकीत मी बोलाले लागली, तं त्यानं खिशातून कागद काहाडला. यादीत शेवटी दसरथ हाय, म्हन्ते. नाव नाही तं बोलनं नाही, अन् बोलनं नाही तं पानी नाही."

"जिराबाई, तुमी त्या दिवशी नव्हत्या ना गावात..."

"मी नव्हती सर. पन बांध तं तिथंच होता."

बाकीचे लोक तिच्या बाजूने का बोलले नाहीत, असं मी नंतर सरांना विचारलं. ते म्हणाले, एक बांध कमी झाला की प्रत्येकाच्या वाट्याला थोडं जास्त पाणी येत होतं. कागद नसता तर तोंडावर नाही म्हणायची लाज वाटली असती. कागदाने ती लाज संपवली.

दुसऱ्याच दिवशी ते गावात गेले. सगळ्यांना गोळा करून म्हणाले, हा कागद चुकला आहे, रद्द करू या. पटेल शांतपणे म्हणाले, "सर, आखरी कलम तुमीच लिहलं. सगळ्याईची संमती पाह्यजे. माही नाही."

"मंग मी फाडतो हा कागद."

"फाडा. तहसीलात नक्कल देल्ली मी."

एका माणसाचं ‘नाही’ पुरेसं होतं. सरांनीच ते पुरेसं केलं होतं. जिराबाईचं धान उभ्या उभ्या वाळलं. त्यानंतरच्या वर्षी दसरथने पटेलांविरुद्ध अर्ज केला, पटेलांनी त्याच्याविरुद्ध, दोघांच्याही हातात तोच कागद. बैठक भरली नाही. पुढे कधीच भरली नाही.

मी सरांना माझी चूक सांगितली. ‘ज्या साली जो असेल’ हे शब्द तुमचे होते, मी काढले. ते म्हणाले, "वैनी, सह्या घ्याच्या आधी मी वाचलं होतं ना." एवढंच. त्यांनी दोष दिला असता तर बरं झालं असतं.

त्यांनी सहावं प्रकरण लिहिलं. एक नियम कसा होता, आणि तो लिहून घेणाऱ्याने तो कसा मोडला, हे त्यात होतं. मार्गदर्शकांनी ते परत पाठवलं. समासात लिहिलं होतं, ‘यह शोध नहीं, माफ़ीनामा है. हटाइए.’ मीही सरांची समजूत घातली. पाच प्रकरणं द्या, पदवी घ्या, कायम व्हा, मग काय लिहायचं ते लिहा.

"पाचव्या प्रकरनात मी लिहलं हाय का हा नियम टिकते. आता सही करून खोटं बोलू?"

"तुम्ही पाहिलं तेव्हा ते खरं होतं."

"हौ," ते म्हणाले. "मी पाहेपर्यंत खरं होतं."

प्रबंध त्यांनी दिलाच नाही. त्या जुलैत नवं पत्रही आलं नाही. ते कटंगीकडे भावाच्या शेतावर गेले. जायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे आले, चहा घेतला, आजोबांशी पिकाबद्दल बोलले. मला एक लिफाफा दिला आणि म्हणाले, "तुमच्यापाशी राहू द्या." मी त्यांना आणखी थांबवायला हवं होतं. काय सांगून थांबवणार होते, ते मला आजही सुचत नाही.

दोन-तीन वर्षांनी वारासिवनीच्या बाजारात एकदा भेटले. खूप वाळले होते. बसवाल्यांनी तिकीट खिडकीवर काहीतरी नवा विचित्र नियम लावला होता आणि लोक कुरकुरत होते. त्यांना बोलतं करावं म्हणून मी म्हटलं, "सर, हे कोणी ठरवलं असेल हो?" त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "असन कोनी," म्हणाले आणि रांगेत उभे राहिले. त्यानंतर काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं, तेही तेरावं होऊन गेल्यावर.

जिराबाईचं शेत पुढे तिच्या दिराने घेतलं असं ऐकलं. तलाव आहे, पण त्याचं पाणी आता पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकाने सुटतं, आणि टोकापर्यंत पोचत नाही.

त्या लिफाफ्यातलं सहावं प्रकरण माझ्याकडे आहे. हाताने लिहिलेली अकरा पानं आहेत. चूक त्यांनी सगळी स्वतःवर घेतली आहे, माझा उल्लेख कुठेही नाही. त्यातल्या इंग्रजीला मी हात लावलेला नाही.