कमलच्या गळ्यातली काविळीची माळ

आधीच सांगतो, भानामती, उतारे, अंगारे… यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता, आजही नाही. छप्पन साली बाबासाहेबांमागे आम्ही बौद्ध झालो आणि घरातून देवच गेले, तिथं बाकीच्यांचं काय! त्यात मी मंगरूळपीरच्या शाळेत सायन्सचा मास्तर.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. आमचा वाशीमचा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. माझी धाकटी बहीण कमल इंझोरीला दिलेली. एका हिवाळ्यात तिचे डोळे पिवळे पडले, पाण्याची घागर उचलवेना. सासूनं गावच्या रीतीप्रमाणे काविळीची माळ आणली. मुळ्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफून डोक्यावर ठेवायचे. माळ लांबत लांबत गळ्यात येते, पायाशी पोचली की कावीळ उतरली म्हणतात.

"अवं, मुळ्या वाळल्या का गाठी ढिल्या होतात, म्हणून दोरा लांबते," मी म्हटलं.

"राहू दे नं दादा, बुढीचं मन राह्यते."

माळ पोटापर्यंत आली आणि थांबली. तीही तिरकी, डाव्या ओटीपोटावर. सरळ केली की परत तिथंच! कमल मात्र खंगतच गेली.

शेवटी नागपूर गाठलं. डॉक्टर म्हणाले, ही साधी कावीळ नाहीच; हिचं शरीर स्वतःचंच रक्त फोडतंय. बाटली द्यावी तर माझं रक्त जुळेना, कोणाचंच जुळेना. गोळ्यांनीही भागेना, तेव्हा रक्त जिथं फुटतं ती पानथरी, म्हणजे प्लीहा, काढायचं ठरलं. वाचेल याची खात्री कोणीच देत नव्हतं. मी पार खचलो होतो.

आत नेताना कमलनं डॉक्टरांचा हात धरला. "साहेब, माहे दोन लेकरं लहान हायेत. माळ जिथं अडकली, तिथं बी पाहा."

मला लाज वाटली, खरं सांगतो.

डॉक्टर नंतर म्हणाले, "बाहेरून तिथं काहीच लागलं नव्हतं. ती बोलली म्हणून हात खाली घातला." डाव्या अंडाशयात गाठ होती. लिम्फोमा… कॅन्सरचाच प्रकार, त्या जागी क्वचितच होणारा. गाठ काढली, पुढे औषधं दिली आणि रक्त फुटणं थांबलं. त्या गाठीमुळेच शरीर रक्तावर उलटलं असावं, असं डॉक्टरांचं मत.

ते मला पटतं. पण माळेचं काय? मी तशीच माळ करवून स्वतःच्या गळ्यात घातली, बायकोच्याही घातली. ती हसली, पण घालू दिली. दोन्ही लांबल्या… सरळ खाली. योगायोग म्हणावा, तर म्हणा बापडे.

परवा कमललाच विचारलं, "तुले काय वाटते?"

नातवाला भरवता भरवता म्हणाली, "मले काय वाटीन दादा? मी जगली, लेकरं पोरकी नाही झाली. तू शिकेल मानूस, कारण तू शोध."

शोधून राह्यलो. अजून तरी सापडलं नाही.